घोरपडींचे नऊ दिवस

६ जानेवारी, तीन राजांचा सण
दुकानाच्या गल्ल्यामागून

माझे परम आदरणीय कोंपाद्रे दॉन आपोलिनार यांस, मेलिदोचा टोपी काढून नमस्कार.

हे पत्र आपल्या हाती पडेल तेव्हा न्यूयॉर्कच्या त्या बर्फात आपले दोन्ही गुडघे जागच्या जागी असोत, आणि वहिनींचा खोकला थांबलेला असो, एवढंच देवाकडे मागणं आहे. आम्ही इकडे त्याच्याच कृपेने बरे आहोत. माझा रक्तदाब अधूनमधून वर जातो, पण तो बेसबॉलच्या मोसमापुरता. (डॉक्टर म्हणाले रेडिओ बंद ठेवा. मी डॉक्टर बदलला.) लहानपणी आपण एकमेकांना अरे-तुरे करत याच गल्लीच्या चिखलात लोळलो, पण तुमच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर घेतलं, त्या दिवसापासून आपण कोंपाद्रे झालो आणि अहो-जाहो करण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. तेव्हा पुढे जे काही टोचून लिहीन ते पूर्ण आदराने टोचलं आहे, असं समजावं.

सर्वप्रथम आपल्या संघाच्या, घोरपडींच्या, दुःखद निधनाबद्दल मनापासून सांत्वन. ऑक्टोबरात आपण मला जे पत्र पाठवलं होतं ते मी जपून ठेवलंय. दुकानात भिंतीवरच लावलंय म्हणा ना. ‘मेलिदो, या वर्षी घोरपडी कुणालाच सोडणार नाहीत, दुकानाला हिरवा रंग काढून ठेवा,’ असं आपण त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं. आणि आपलं तरी काय चुकलं? अमेरिकेतल्या मोठ्या संघांत खेळलेले तीन-तीन खेळाडू घोरपडींनी आणले होते. वर्तमानपत्रवाले म्हणत होते की मोसम खेळवायचाच कशाला, करंडक आत्ताच देऊन टाका आणि विजेचं बिल वाचवा. आणि मग, कोंपाद्रे, आपण तिकडे बर्फ उपसत होता तेव्हा इकडे घोरपडींनी सुरुवातीचे अकरा सामने ओळीने घालवले. अकरा! त्या तिघांपैकी एकाची पाठ धरली, दुसऱ्याची बॅट रुसली, आणि तिसऱ्याला आईच्या हातचं जेवण इतक्या वर्षांनी मिळाल्यामुळे धावता येईना. आम्ही बगळ्यांचे लोक तर हवेतच होतो. (आमचे बगळे तेव्हा तक्त्यात शेवटून पहिले होते, हे आपण मला सांगायची गरज नाही. आम्ही तिकडे पाहतच नव्हतो. बगळ्यांचा माणूस आपला संघ जिंकेल या आशेवर जगत नाही. घोरपडी हरतील या आशेवर जगतो, आणि ते सुख आम्हाला वीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं.)

आता मुद्द्याचं. आपल्या भगिनी दोन्या एर्सिलिया. गेली बावीस वर्षं त्या माझ्या दुकानात, रेडिओच्या डाव्या अंगाला बसून प्रत्येक सामना ऐकतात, हे आपण जाणताच. आधी शेजारी फेर्मिन असायचा, देव त्याला शांती देवो, तो बगळ्यांचा आणि त्या घोरपडींच्या, आणि मध्ये शेंगदाण्यांची पुडी. तो गेल्याला चौदा वर्षं झाली, तरी त्या एकट्या येतात. पन्नास बगळ्यांमध्ये एकटी घोरपड. मला या मोसमात धास्ती एकाच गोष्टीची होती, आणि ती आपल्याला उघड सांगतो: आम्ही इतकं चिडवलं, इतकं चिडवलं, की एक दिवस त्या यायच्याच बंद होतील. तसं झालं तर मी दुकान उघडून तरी काय करणार, हे मला तेव्हा नीटसं कळलं नव्हतं. आता कळलंय.

पण चिडवल्याशिवाय राहवतही नाही ना! आपला पेर्सियो न्हावी तर दाढी अर्धी ठेवून चिडवायला येतो. सातव्या पराभवानंतर त्याने काय करावं? माझ्याच दुकानातली हिरवी केळी घेतली, त्यांतल्या तीन केळ्यांवर त्या तीन मोठ्या खेळाडूंची नावं लिहिली, आणि दोन्या एर्सिलियांच्या खुर्चीपुढे मांडून ओरडू लागला, “ताजा माल! अमेरिकेहून आलाय! पडून आहे, कुणी घेईना!” सगळं दुकान हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. त्यांनी ती तीन केळी शांतपणे उचलली, पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, “हे तिघे निदान माझ्या घरी तरी कामाला येतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी पेर्सियोच्या सलूनमध्ये उकडून कुस्करलेल्या केळ्यांची बशी आली, वर परतलेला लाल कांदा, आणि निरोप: ‘तुमच्या बगळ्यांच्या अंगात जरा ताकद यावी म्हणून.’ पेर्सियोने बशी चाटूनपुसून खाल्ली आणि धुऊन परत पाठवली.

अकरा पराभवांत त्यांनी एकदाही पंचाला शिवी दिली नाही. वाऱ्याला नाही, मैदानाला नाही, त्या आईच्या हातचं जेवणाऱ्यालाही नाही. सामना संपला की आपल्या शाळकरी वहीत शेवटची खूण करायची, वही मिटायची आणि म्हणायचं, “उद्या.” बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा पोशाख, इस्त्री केलेला. कोंपाद्रे, मी आयुष्यभर हरणाऱ्या संघाच्या मागे आहे, हरण्यातला मी जुना जाणता माणूस. पण असं हरणं मला एक दिवसही जमलं नाही. आम्ही हरलो की मी खोकी लाथाडतो.

डिसेंबरच्या मध्यावर पेर्सियोने पेन्सिल कानावरून काढली, कागदी पिशवीवर हिशेब मांडला आणि जाहीर केलं: सात सामने उरले, सातही जिंकले तरी घोरपडी पुढच्या फेरीत जात नाहीत. म्हणजे मेल्या. आता मेलेल्याला आपल्याकडे कोणी तसंच टाकून देतं का? नऊ दिवसांची प्रार्थना झालीच पाहिजे. कल्पना पेर्सियोची, जागा माझी. दुकानाच्या कोपऱ्यात आम्ही पांढरी चादर घालून वेदी मांडली, पाण्याचा पेला ठेवला, मेणबत्त्या लावल्या, आणि मधोमध वर्तमानपत्रातून कापलेला घोरपडींच्या संघाचा फोटो. सगळे हसत होते त्या फोटोत, बिचारे, ऑक्टोबरातला होता. मी भाड्याने चाळीस खुर्च्या आणल्या. आणि प्रार्थना म्हणायला कोण? दुसरं कोण असणार, दोन्या ताता! गावातल्या प्रत्येक मयताचे नऊ दिवस पन्नास वर्षं त्याच म्हणत आल्या आहेत. मला वाटलं होतं त्या काठी उगारतील. त्यांनी फक्त विचारलं, “मयताचं नाव?” मी म्हटलं, “घोरपडी.” त्या म्हणाल्या, “वय?” मी म्हटलं, “अठ्ठेचाळीस वर्षं.” “येते,” म्हणाल्या. “पण ऐकून ठेव, मेलिदो. मी सुरू केलेलं अर्ध्यावर सोडत नाही. अर्धी प्रार्थना झालेला मेलेला कुठे जात नाही, ज्याने बोलावलं त्याच्याच घरी मुक्काम ठोकतो.” मी हसून हो म्हटलं. ही माझी पहिली चूक.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता दुकान खच्चून भरलं होतं. पेर्सियोने गळा काढून रडायची तालीम केली होती, रुमालाला कांदा चोळून आणला होता. आणि दोन्या एर्सिलिया आल्या. कोंपाद्रे, हिरव्यात नाही. डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात. डोक्यावर काळी जाळीची ओढणी, हातात जपमाळ. सरळ चालत आल्या आणि पहिल्या ओळीतल्या त्या खुर्चीवर बसल्या, जिथे घरचं माणूस बसतं. आता आपली माणसं कशी वाढली आहेत, आपल्याला ठाऊक आहे. काळ्या कपड्यातली विधवा त्या खुर्चीवर बसलेली दिसली, की पाय आपोआप तिकडे वळतात. सगळ्यात आधी पेर्सियोच उठला. टोपी काढली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, “फार वाईट झालं, दोन्या एर्सिलिया. देव तुम्हाला बळ देवो.” आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी! (कांद्याचं असेल. पण नंतर रुमाल वाळला तरी थांबेना.) त्याच्यामागे रांग लागली. पन्नास बगळे एकामागून एक वाकून सांत्वन करतायत आणि त्या प्रत्येकाला म्हणतायत, “आलात, बरं वाटलं. बसा. कॉफी मिळाली का?” मग माझ्याकडे वळून, “अरे मेलिदो, लोक ताटकळलेत, आल्याचा चहा कुठाय? आणि चीज एवढं जाड का कापलंस? मयताच्या घरी आहेस, लग्नात नाही.” मी माझ्याच दुकानात माझंच चीज पातळ कापायला पळालो. चेष्टा करायला आलेला एकही माणूस त्या संध्याकाळी हसला नाही, आणि सगळे अगदी तृप्त होऊन घरी गेले.

त्या रात्रीचा सामना घोरपडी जिंकल्या.

म्हटलं, असू दे, मेलेला माणूसही कधी कधी बोट हलवतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थना, पुन्हा जिंकल्या. तिसऱ्या दिवशी पाठ धरलेल्याची पाठ सुटली. चौथ्या दिवशी तो आईवेडा चक्क धावला. पाचव्या दिवशी पेर्सियो पांढराफटक होऊन आला आणि कागदी पिशवी माझ्यापुढे आपटली. पावसाने रद्द झालेले दोन सामने पुन्हा व्हायचे होते, ते तो मोजायलाच विसरला होता! सात नव्हे, नऊ सामने होते. नऊच्या नऊ जिंकल्या तर घोरपडी जिवंत. कोंपाद्रे, आम्ही जिवंत माणसाचे नऊ दिवस घालत होतो, आणि आमच्याच प्रार्थनेने तो उठून बसत होता. बगळ्यांची तातडीची सभा भरली. एकमताने ठरलं, की प्रार्थना ताबडतोब बंद. मी हात जोडून दोन्या तातांकडे गेलो. त्यांनी जपमाळेवरून नजरही उचलली नाही. “आज पाचवा दिवस,” म्हणाल्या. “अजून चार आहेत. सोडायचं तर सोड. पण मग घोरपडींना तुझ्याकडेच जेवू घाल.” पंचवीस खेळाडू, कोंपाद्रे, आणि त्यांतला एक तसला खाणारा. मी परत आलो.

आणि खरं सांगू? मला बंद करायचंच नव्हतं. नऊ दिवस रोज पाच वाजता त्या येत होत्या. मी रोज चीज आदल्या दिवसापेक्षा पातळ कापत होतो. सातव्या दिवशी त्यांनी एक तुकडा उजेडात धरला, आरपार पाहिलं आणि म्हणाल्या, “जमतंय तुला हळूहळू.” मी ते दिवसभर मनात घोळवत राहिलो. बासष्ट वर्षांचा माणूस मी, रॉकेलऐवजी गिऱ्हाइकाला व्हिनेगर मोजून दिलं.

आठ दिवस, आठ विजय. नववा सामना कुणाशी असावा? आमच्याच बगळ्यांशी. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली, दोन्या तातांनी मेणबत्त्या विझवल्या, वेदी उतरवली. फोटो दोन्या एर्सिलियांनी स्वतः काढला, घडी करून वहीत ठेवला. मग रेडिओ. अख्ख्या मोसमात कुणाला न हरवलेले आमचे बगळे त्या दिवशी काय खाऊन आले होते कोण जाणे, शेवटच्या डावात एका धावेने पुढे होते. घोरपडींचे दोन बाद, तिसरा गेला की खेळ खलास, दोन माणसं बेसवर, आणि बॅटवर तो पाठवाला. त्याने मारला, उंच, डावीकडे. तिथे आमचा कोण? ज्याच्या हातून या मोसमात सात झेल सुटले तोच. मी डोळे मिटले. निवेदक किंचाळला: झेल घेतला! बगळे जिंकले, घोरपडी खलास! आणि दुकान आनंदाने फुटायच्या आधी, त्या एका क्षणाच्या शांततेत, एकच आवाज सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेला. कुणीतरी म्हणालं, “अरेरे!”

तो मी होतो, कोंपाद्रे.

पेर्सियो माझ्याकडे असा वळला की जणू मी चर्चची दानपेटी उचलली. “तू? बगळ्यांचा म्होरक्या तू, आणि अरेरे?” मला बगळ्यांतून काढून टाकायचा ठराव तिथल्या तिथे मांडला गेला. (सभा भरवायला माझ्या दुकानाखेरीज जागा नसल्याने सध्या तहकूब आहे.) दोन्या एर्सिलियांनी वहीत शेवटची खूण केली, वही मिटली, आणि उठून प्रत्येक बगळ्याशी हात मिळवला. “छान झेल घेतला तुमच्या पोराने,” म्हणाल्या. पेर्सियोलासुद्धा म्हणाल्या. माझ्यापाशी आल्या, क्षणभर पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुझा संघ जिंकलाय, मेलिदो. तोंड तरी हसरं ठेव.” आणि गेल्या. ‘उद्या’ म्हणाल्या नाहीत. आज पंधरा दिवस झाले, दुकानात पाऊल टाकलेलं नाही. नाताळ गेला, नवं वर्ष आलं, पुढच्या फेरीचे सामने चालू आहेत, रेडिओच्या डाव्या अंगाला कुणी नाही. साखरसुद्धा पलीकडच्या गल्लीतून आणतात असं ऐकतो. तिथली साखर भिजकी असते.

असो. थोडक्यात हाल-हवाल असा आहे. घोरपडींच्या पराभवाने आम्हाला अत्यंत आनंद झालेला आहे, हे आपल्याला कळावं आणि आपला जीव थोडा जळावा, इतक्याच हेतूने हे लिहिलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, गुडघ्यांना डुकराची चरबी कोमट करून चोळावी.

आपला आज्ञाधारक कोंपाद्रे व कायमचा वैरी,
मेलिदो

ता. क. पत्र बंद करणार इतक्यात दोन्या ताता मीठ न्यायला आल्या आणि मी सहज विचारलं, की त्या दिवशी काळं कशासाठी होतं, थट्टेला उत्तर म्हणूनच ना? मग त्यांनी सगळं सांगितलं. फेर्मिन गेला त्या आठवड्यात चक्रीवादळ आलं होतं, आठवतं का आपल्याला? त्याच्या प्रार्थनेच्या पाचव्या दिवशी नदी चढली, वेदी, चादर, खुर्च्या सगळं वाहून गेलं, आणि आपण सगळे छपरांवर बसलो होतो. उरलेले चार दिवस कधी झालेच नाहीत. चौदा वर्षं दोन्या एर्सिलियांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. आम्ही सोंग मांडलं त्या सकाळी त्या तातांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “लोक जमणारच आहेत, मेलिदो कॉफी करणारच आहे. त्यात माझ्या फेर्मिनचंही होऊन जाऊ दे.” ताता रोज मोठ्याने घोरपडींचं नाव घेत होत्या आणि हळूच त्याचं. म्हणजे आम्ही केलेलं प्रत्येक सांत्वन योग्य जागी पोचलं. मी मिठाऐवजी काय मोजून दिलं ते मला आठवत नाही. मी गल्ल्यामागे खाली बसून रडलो, कोंपाद्रे.

ता. क. दोन. आपण त्यांचे थोरले बंधू. वडिलांच्या जागी. तेव्हा विचारायचं ते आपल्यालाच विचारायला हवं. मी विधुर आहे, छप्पर गळत नाही, दात बहुतेक स्वतःचे आहेत. बाकी आपण समजून घ्यावं. मी हे वाक्य अकरा वेळा लिहून अकरा वेळा खोडलंय.

ता. क. तीन. आणि खरी विनंती ही. आपण एक वेगळं पत्र पाठवावं, ज्यात घोरपडींचा कट्टर माणूस या नात्याने आपण शपथेवर लिहावं, की मेलिदोला लहानपणापासून आपण ओळखता, तो जन्मभर बगळ्यांचाच आहे, आणि त्याला दाढदुखीच्या कळा अवेळी येतात. वैऱ्याच्या शब्दावर पेर्सियो विश्वास ठेवेल. जो माणूस आपल्या संघाशी एकनिष्ठ नाही त्याच्या पदरात आपली बहीण कोण टाकेल, असं आपल्याही मनात येणं रास्त आहे, म्हणून म्हणतो. हे पत्र मात्र वाचून लगेच फाडून टाका. दोन्या एर्सिलिया आपल्यासाठी शर्ट शिवून उद्या त्यांच्या भाच्याबरोबर पाठवणार आहेत, त्यातच ठेवायला मी हे त्यांच्या घरी नेऊन देतो. लिफाफा भाताच्या पेजेने घट्ट चिकटवलाय, काळजी नसावी.

(पुढचं वेगळ्या हाताचं, हिरव्या शाईत:)

दादा, पेज वाफेवर सुटते हे याला इतकी वर्षं किराणा विकून कळलेलं नाही. पत्र फाडू नकोस, मला परत पाठव. दाढदुखीचं काही लिहायचं नाही. ते ‘अरेरे’ सगळ्यांनी ऐकलंय, मी सगळ्यांच्या आधी, आणि ते कुणी खोडायचं नाही. पेर्सियोला मी बघून घेईन. दुकानात गेले नाही कारण नऊ दिवसांनंतर माणसाला थोडं स्वस्थ बसावं लागतं, आणि त्या एका शब्दाचं काय करायचं ते ठरवायचं होतं. ठरलंय. तुझी हरकत नसेलच. पण त्याला तू काही कळवायचं नाहीस, त्याने स्वतः विचारायला हवं. आज पत्र घेऊन दारात आला होता. मी आत ये म्हटलं. अर्धा तास उंबऱ्यावर उभा राहून कांद्याबद्दल बोलला आणि गेला.